घासता रोज, पण निघतं का?

कांद्याच्या गावात सकाळ फार लवकर होते. आमच्या लासलगावात रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते, तेव्हा खळ्यावर कांदा निवडायला जाणाऱ्या बायकांचं निम्मं घरकाम उरकलेलं असतं. चूल किंवा गॅस, पाणी, डबे, पोरांची शाळा. या सगळ्या धावपळीत स्वतःच्या दातांना किती वेळ मिळतो? अंगणात उभं राहून, एका हाताने दूध उतू जातंय का ते बघत, दुसऱ्या हाताने खसाखसा चार हात मारले की झालं! काहींचं तर तेवढंही नाही. चिमूटभर मिसरी बोटावर घ्यायची, दातांवर फिरवायची आणि तशीच गालात धरून कामाला लागायचं.

हे सगळं आठवायला कारण घडलं शेजारच्या घरात. तिथली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातवा महिना सरत आलाय. परवा तिची आई माझ्याकडे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, पोरीच्या हिरड्यांतून रक्त येतंय. मी तिला म्हटलं, ब्रश बंद कर आता. बोटाने मिसरी लाव, हिरड्या घट्ट होतील. आमच्या वेळी आम्ही तेच करत होतो. बरोबर सांगितलं ना?"

मैत्रिणींनो, बरोबर नव्हतं. दोन्ही सल्ले चुकीचे होते आणि दुसरा तर बाळाच्या जिवाशी जोडलेला होता. पण नुसतं "चूक आहे" म्हटलं तर कोण ऐकतं? म्हणून त्या दुपारी आम्ही एक प्रयोग केला.

ओट्याजवळचा प्रयोग

प्रयोग अगदी साधा आहे. जिलबीत घालतात तो खाण्याचा लाल रंग चिमूटभर घ्यायचा, दोन चमचे पाण्यात कालवायचा, तोंडात खळखळून थुंकायचा. मग साध्या पाण्याने एकदाच हलकी चूळ भरायची. ओठांना आधी थोडं तूप लावायचं, म्हणजे ओठ रंगत नाहीत. अंगावर जुनी साडी असलेली बरी. गरोदर मुलीला आम्ही रंगाऐवजी कच्च्या बिटाची फोड चावायला दिली. बिटाचा रंग जरा फिका चढतो, पण कळतं.

दातांवर जिथे कीट असतं तिथे रंग धरतो. स्वच्छ दातावर तो टिकत नाही. दवाखान्यात यासाठी खास गोळ्या मिळतात, पण घरच्या घरी एवढंही पुरतं.

आम्ही तिघीही "सकाळीच दात घासलेत" म्हणणाऱ्या. आरशात पाहिलं आणि गप्प झालो. समोरचे दात बऱ्यापैकी पांढरे, पण प्रत्येक दात हिरडीला जिथे भेटतो तिथे लाल काठ! जणू साडीला किनार लावावी तसा. खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू तर पूर्ण रंगलेली. दोन दातांमधल्या फटी, दाढांची जिभेकडची बाजू, सगळीकडे तेच. माझं तोंड त्यांच्यापेक्षा फार चांगलं होतं असं मुळीच नाही, हे कबूल करते.

मुलीची आई म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मी आजवर घासत काय होते?"

कीट म्हणजे नक्की काय?

दोन दिवस न घासलेल्या माठात आतून हात फिरवून पाहा. बुळबुळीत थर लागतो. नुसतं पाणी ओतून, हलवून तो जात नाही, हाताने किंवा घासणीने चोळावाच लागतो. दातांवर असाच एक थर रोज तयार होतो. त्यात अडकलेल्या अन्नापेक्षा जिवाणूंची वस्तीच जास्त असते. डॉक्टर याला प्लाक म्हणतात. हे जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दात किडतो. हिरडीच्या कडेला थर साचून राहिला की हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं.

हा थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. काही दिवस तसाच राहिला तर लाळेतला चुना त्यात बसतो आणि त्याचा खडा होतो. मग कितीही घासा, घरी निघत नाही, दवाखान्यातच काढून घ्यावा लागतो. म्हणूनच "रोज घासते" एवढं पुरेसं नाही. प्रत्येक कोपरा रोज एकदा तरी नीट निघाला पाहिजे.

हिरडीचं रक्त आणि हा थर यांचा संबंध १९६५ साली डेन्मार्कमध्ये फार स्पष्टपणे दाखवला गेला. आरहूस इथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीतून रक्त येतं तेव्हा ब्रश थांबवायचा नसतो, तिथेच हळुवार पण नीट फिरवायचा असतो. पाहा, आपण नेमकं उलटं करतो!

कांद्याची मान, दाताची मान

खळ्यावर कांदा निवडणारी बाई आधी काय बघते? कांद्याची मान. मान जाड, ओली राहिली की तो कांदा चाळीत टिकत नाही, सड बहुतेक वेळा तिथूनच शिरते. वरून कांदा कितीही चकचकीत असो. दाताचंही अगदी तसंच. दात हिरडीतून जिथे बाहेर येतो ती त्याची मान. आपण घासतो दाताचं पोट, कारण ते आरशात दिसतं. रोग शिरतो मानेतून.

दात घासण्याच्या ज्या वेगवेगळ्या पद्धती आहेत, त्यांच्यातला खरा फरक हाच आहे, की मानेपाशी कोण किती पोचतं. एकेक पाहू.

आडवा घास: करवतीसारखा ब्रश मागे-पुढे. आपल्यापैकी बहुतेकींची हीच पद्धत. दाताचा फुगीर भाग स्वच्छ होतो, पण फटी आणि मान राहून जाते. जोर लावून वर्षानुवर्षं असं केलं की हिरडी खाली सरकते आणि मानेपाशी खाच पडते. मग थंड पाणी प्यायलं की कळ येते. दाढांच्या चावण्याच्या सपाट भागासाठी मात्र हा आडवा हात चालतो.

गोल गोल घास: अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावच्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. दंत-आरोग्यसेविका तयार करणारी पहिली शाळा त्यांनीच १९१३ मध्ये सुरू केली. दात मिटून बाहेरच्या बाजूने ब्रश मोठ्या गोलात फिरवायचा, वरच्या हिरडीपासून खालच्या हिरडीपर्यंत. लहान मुलांना पटकन जमते. मात्र आतली बाजू वेगळी घासायची आठवण ठेवावी लागते.

हिरडीकडून दाताकडे झाडायचं: केरसुणीने कोपऱ्यातला केर ओढावा तसा ब्रश हिरडीवरून दाताच्या टोकाकडे आणायचा. वरचे दात वरून खाली, खालचे दात खालून वर. स्टिलमन यांच्या नावाची पद्धत याच कुळातली, त्यात आधी हिरडीवर हलका थरथराट देतात. ज्यांच्या हिरड्या सरकल्या आहेत, दातांची मुळं उघडी पडली आहेत, त्यांना डॉक्टर बहुधा ही सांगतात.

मानेत शिरणारा घास: ही बास पद्धत. चार्ल्स बास हे खरं तर दंतवैद्य नव्हते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ते वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख होते आणि मलेरिया, पोटातले जंत यांवर काम करत. १९४० मध्ये निवृत्त झाल्यावर ते दातांकडे वळले. ब्रश मऊ आणि टोकं गोलसर केलेला असावा हे त्यांनी १९४८ साली मांडलं, १९५४ मध्ये घासण्याची पद्धत सविस्तर लिहिली. ब्रश ४५ अंशांत तिरपा धरायचा, केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यात टेकवायची आणि जागच्या जागी अगदी थोडं, तांदळाच्या दाण्याएवढं मागे-पुढे थरथरवायचं. केस हिरडीच्या कडेखाली जरासे शिरतात आणि तिथला थर सैल होतो. यानंतर ब्रश दाताच्या टोकाकडे झाडून आणला की झाली सुधारित बास पद्धत.

उलटा कोन: दातांना तारा बसवल्या असतील, पूल बसवला असेल किंवा हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल तर चार्टर्स पद्धत सांगतात. यात केसांची टोकं हिरडीकडे न करता दाताच्या टोकाकडे करतात. ही मात्र डॉक्टरांकडून समोर बसून शिकावी.

मग जिंकलं कोण?

तुम्ही म्हणाल, एकच काय ते सांगा! गंमत अशी आहे, की तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. २०१४ साली लंडनच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या दंतवैद्यांच्या संघटना, टूथपेस्ट-ब्रश कंपन्या आणि पाठ्यपुस्तकं काय सल्ला देतात ते तपासलं. ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये ते छापून आलं. प्रत्येकाचं सांगणं वेगळं निघालं! त्यातल्या त्यात सर्वांत जास्त शिफारस होती ती सुधारित बास पद्धतीची. काही चाचण्यांत ती मानेपाशी सरस ठरते, तर काहींत फारसा फरक दिसत नाही, कारण ती हाताला बसायला वेळ लागतो.

दुसरी एक गोष्ट डोळे उघडणारी आहे. साध्या ब्रशवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. एका वेळच्या घासण्याने प्लाकचं मोजमाप सरासरी ४२ टक्क्यांनीच कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे निम्म्याहून जास्त तिथेच! २००९ च्या एका अभ्यासात ४५ सेकंदांऐवजी १२० सेकंद घासलं तर सुमारे २६ टक्के जास्त थर निघाला. म्हणजे पद्धतीइतकंच महत्त्व वेळेला आणि क्रमाला आहे.

बॅटरीवरच्या ब्रशचं काय? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार तीन महिन्यांनंतर अशा ब्रशने साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के प्लाक कमी होतो. संधिवाताने बोटं वळत नाहीत, हात कापतो, अशा आजींसाठी तो खरंच उपयोगी. पण हात धड असेल तर साधा मऊ ब्रश नीट वापरणं आपल्या खिशाला परवडणारं आणि पुरेसं आहे.

आम्ही तिघींनी त्याच दुपारी पुन्हा ब्रश केला, या वेळी तिरपा धरून, दोन-दोन दात घेत, घड्याळ लावून. रंगाची किनार बरीच निघाली. दोन दातांमधली मात्र राहिलीच. तिथे ब्रश पोचतच नाही, त्यासाठी दातांत फिरवायचा दोरा किंवा फटीतला छोटा ब्रश लागतो. दोन्ही मेडिकलमध्ये मिळतात. आपण मात्र काय करतो? बांगडीतली सेफ्टी पिन काढतो! ती हिरडीला टोचते, जखम करते. पिन, सुई, आगपेटीची काडी, यांना दातांपासून लांबच ठेवा.

मिसरी: दात घासायचं साधन नव्हे, तंबाखू

आता मुलीच्या आईच्या दुसऱ्या सल्ल्याकडे येऊ. मिसरी, कुठे मशेरी म्हणतात, ती तंबाखू भाजून केलेली पूड. तिने दात स्वच्छ होतात या समजुतीने आपल्या कितीतरी आया-आज्यांनी ती हातात घेतली. सुरुवात सकाळी एकदा होते, मग दुपारी, मग झोपताना. "मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही", "डोकं चढतं", असं ऐकू येतं. ही दाताची गरज नव्हे, निकोटीनची सवय आहे. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि मंजनं यांवर देशात १९९२ सालीच बंदी आली. पण घरी तव्यावर भाजली जाणारी मिसरी कोणत्या कायद्यात सापडणार?

मिसरी जिथे दाबून धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते, गालाच्या आत पांढुरके चट्टे येतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण गरोदर बाईसाठी आणखी एक गोष्ट आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिसरीच लावणाऱ्या होत्या. अशा आईच्या बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. आधीच नाजूक असलेल्या बाळासाठी शंभर ग्रॅम म्हणजे लहान गोष्ट नाही.

हे ऐकल्यावर मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ती पोटात होती तेव्हा मी लावत होते. दोन किलोचीच झाली होती." तिला दोष देण्यात काय अर्थ? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता कळलंय, तर लेकीला तरी वाचवता येतं.

मिसरी एका दिवसात सुटत नाही, हे मान्य. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, पोट जड वाटतं. त्या वेळी तोंडात बडीशेप, लवंग धरा, पाणी प्या, सकाळी कोमट पाणी घेऊन चार पावलं चाला. सोबतीला एखादी मैत्रीण घ्या, दोघींनी मिळून सोडली की टिकते. सरकारची मोफत मदतवाहिनीही आहे, १८००-११-२३५६. तिथे तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

राख, राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, जाड मीठ, यांत तंबाखू नाही हे खरं. पण ही सगळी खरखरीत. नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावल्यासारखं होतं. चमकतं, पण वरचा लेप जातो, आणि दाताचा लेप परत येत नाही. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरायचीच असेल तर टोक चांगलं चावून मऊ करा आणि हिरडीकडून दाताकडे फिरवा. फक्त आतल्या बाजूला आणि मानेत ती ब्रशइतकी पोचत नाही.

दिवस गेलेत? मग जास्त जपा

गरोदरपणी अंगातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या हळव्या होतात. थोडासा थर साचला तरी सुजतात, रक्त येतं. म्हणून "दिवसांत असं व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नका. मऊ ब्रशने दोन वेळा घासा. उलटी झाल्यावर लगेच घासू नका, आधी चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा, कारण पोटातल्या आम्लाने दाताचा लेप तेव्हा नरम झालेला असतो. डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगून दात साफ करून घेता येतात, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्याही हिरड्या तपासा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

"दात साफ केले की ढिले होतात" ही भीती मनातून काढा. खड्यानेच हिरडी आणि हाड खाल्लेलं असतं, वर खड्याचंच लिंपण असतं. ते निघालं की आधीच झालेलं नुकसान दिसतं, एवढंच. खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारून घ्या. नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते.

आजपासून एवढं करा

• ब्रश मऊ, डोकं लहान. केस फाकले की किंवा तीन महिन्यांनी बदला. घरात एक ब्रश दोघांत नको.

• फ्लोराइड असलेली पेस्ट, मोठ्यांना मटाराच्या दाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी.

• ब्रश तिरपा धरून केस हिरडीच्या कडेला टेकवा. दोन-दोन दात घ्या, आठ-दहा वेळा हलकेच थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झाडा. पेन धरतो तसा ब्रश धरला तर जोर आपोआप कमी लागतो.

• क्रम ठरवून टाका. आधी आतली बाजू, मग बाहेरची, शेवटी चावण्याची. आतली राहून जाते म्हणून ती आधी. समोरच्या दातांच्या आत ब्रश उभा धरा.

• दोन मिनिटं, दोन वेळा. रात्रीचं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. घासून झाल्यावर थुंका, खळाखळा चुळा भरून पेस्टचं औषध धुऊन टाकू नका.

• महिन्यातून एकदा रंगाचा प्रयोग करा. मुलांना तर फार मजा येते, आणि "नीट घास" म्हणून ओरडावं लागत नाही.

• दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

शेजारच्या मुलीने त्या रात्रीपासून ब्रश पुन्हा सुरू केला. पहिले तीन-चार दिवस रक्त आलं, ती घाबरून विचारायला आली. "थांबू नको, फक्त हलक्या हाताने," एवढंच मी सांगितलं. काल ती म्हणाली, "काकू, आज थुंकीत लाल काही नव्हतं." तिच्या आईच्या मिसरीची डबी अजून फडताळात आहे. पण तिच्या शेजारी आता तिचा स्वतःचा ब्रश आहे, आयुष्यातला पहिला. "लेक बाळंत होईपर्यंत डबी रिकामी करते, आणि परत भरत नाही," असं तिने मला सांगितलंय. मी रोज विचारणार आहे. तुम्हीही तुमच्या शेजारणीला विचारा ना!